साहेब येईपर्यंत

नेतृत्वाचे प्रकार नुसते पुस्तकातून शिकवले की मुलं ते परीक्षेत ओकतात आणि विसरतात. म्हणून दरवर्षी मी वर्गाचे तीन गट पाडते, पुठ्ठ्याची खोकी दुमडायला देते आणि प्रत्येक गटावर वेगळा साहेब नेमते. पहिला साहेब दरडावतो. दुसरा सगळ्यांना विचारून ठरवतो. तिसरा गायबच असतो, त्याची नुसती रिकामी खुर्ची. तो गट हमखास गप्पा ठोकत बसतो आणि मला म्हणता येतं, "बघा, वर कोणी नसलं की असं होतं."

यंदा तिसऱ्या गटात माझी भाची होती. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. घरी मावशी, कॉलेजात मॅडम, हा माझा नियम. कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो, हा दुसरा, आणि तो दोन्हीकडे लागू. तिच्याच गटात, सगळे ज्याला भोंगा म्हणतात, तो मुलगा होता. त्याचं तोंड बंद असलेलं निदान मी तरी पाहिलं नव्हतं.

नेहमीची खुर्ची मोडली होती, म्हणून शिपायाने अडगळीतून एक उंच पाठीची, गादीची खुर्ची आणली. कोणाची म्हणून विचारलं तर म्हणाला, "असेल कोणा साहेबांची. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तिथंच आहे."

"हे तुमचे साहेब. ते सांगतील तसं करायचं," मी गटाला म्हटलं. मुलं खिदळली. भोंग्याने खुर्चीला वाकून सलाम ठोकला.

मी पहिल्या दोन गटांत रमले. मग लक्षात आलं, मागून हसणं ऐकू येत नाहीये. वळून बघते तर तिसरा गट खाली मान घालून खोकी दुमडतोय. भोंगासुद्धा. बाकीच्यांनी तोंडात बोट घालावं इतकी सुबक खोकी. मला बरं वाटलं, पण बोलले नाही काही.

घंटा झाली. बाकीचा वर्ग पिशव्या उचलून पळाला. ही मुलं मात्र उठेनात.

"झालं, निघा आता."

"साहेबांचं समाधान झालं नाही अजून," भाची मान वर न करता म्हणाली.

"पुरे झाली नाटकं!"

"कोपरे नीट नाहीत म्हणतात." तिने तयार खोकं उलगडलं आणि पुन्हा दुमडायला घेतलं. पुठ्ठ्याच्या कडांनी तिची बोटं कापली होती. खोक्यावर रक्ताचे ठिपके होते. भोंग्याचीही तीच गत.

मी तिला दंडाला धरून ओढलं. ती हलली, पण हात थांबले नाहीत. "आणखी काय म्हणतात तुझे साहेब?"

"रडगाणं नको, काम दाखव. बरं आहे, पण बरं म्हणजे चांगलं नव्हे."

मी चरकले. कालच तिने निकाल दाखवला, तेव्हा जेवताजेवता मी हेच म्हणाले होते. शब्दाला शब्द.

म्हणजे एका शब्दासाठी अडलं होतं तर. माणूस पगारापेक्षा शाब्बासकीला भुकेला असतो, हे मीच वर्गात घसा कोरडा करून सांगते. सांगायला काय जातं!

"शाब्बास," मी म्हटलं. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी खुर्चीकडे एकदा नजर टाकली आणि पुन्हा माना खाली घातल्या.

म्हणजे खुर्चीत बसूनच म्हणायला हवं होतं. मी जाऊन बसले. गादी ऊबदार होती. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

"कोपरे अजून..." तोंडातून निघालंच होतं. मी जीभ चावली. "शाब्बास, पोरी. छान केलंस. तुझी आई असती तर गावभर सांगत सुटली असती. सगळ्यांचंच छान झालंय. पुरे आता."

तिचे हात थांबले. भोंग्याने बोटं तोंडात घातली आणि म्हणाला, "अरेच्चा, घंटा कधी झाली?" सगळे हसत उठले. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. फार आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू?

"चला घरी," म्हणत मी उठायला गेले, तर उठवेना. माझ्या हातांनी समोरचं खोकं ओढून घेतलं होतं. कोपरा नीट नव्हता. मी ते उलगडलं. कानाशी कोणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं, बरं आहे, पण बरं म्हणजे चांगलं नव्हे.

मुलांना मी सोडवलं. पण खुर्चीत बसलेल्याला शाब्बास कोण म्हणणार?

भाची दारात पोचली होती. "पोरी," मी हाक मारली, "मी कशी शिकवते गं? एकदा सांग ना. छान म्हण."

तिने डोळे पुसले आणि खुदकन हसली. किती दिवसांनी अशी हसली. माझीच नक्कल करत, बोट नाचवत म्हणाली, "कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो, मॅडम! या लवकर, मी खाली थांबते."

ती जिना उतरताना गुणगुणत होती. मी पुढचं खोकं घेतलं.