जांभळी जीभ

माझी थोरली बहीण डोन्का तिसरीत होती तेव्हा बाल्कनच्या डोंगरातल्या आमच्या शाळेत पोरं टाकानं लिहीत. टाक दौतीत जास्त बुडवला की पानावर जांभळा थेंब पडे, आणि टीपकागद हाताशी नसला की पोरं डाग जिभेनं चाटून टाकत. नेवेनाबाईंना त्याची भारी किळस. "माणसं आहात की वासरं?" त्या ओरडायच्या.

डोन्का मात्र त्यांची लाडकी. तिची वही सगळ्यांसमोर धरून त्या सांगायच्या, "खाली येताना रेघ जाड, वर जाताना बारीक. शिका जरा हिच्याकडून!"

जिल्ह्याचे तपासनीस यायचे होते त्या सकाळी नेमका डोन्काच्याच पानावर टपोरा थेंब पडला. बाहेर बूट वाजले. तिनं पटकन वाकून तो चाटला.

तपासनीस थेट तिच्याच बाकाशी थांबले. "वा, काय अक्षर आहे! नाव काय गं तुझं?"

डोन्का उभी राहिली, पण ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, बोल की," बाई म्हणाल्या.

"बरं, नाव राहू दे," तपासनीस म्हणाले. "हे लिहिलंयस ते वाच."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी तोंड उघडेना.

"नुसती नक्षी काढायला शिकवता वाटतं, बाई?" तपासनीस हसले. बाईंची मान लालेलाल झाली.

घरी येऊन डोन्का मिठानं जीभ घासत बसली. आईनं खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. आई हसायलाच लागली. डोन्का म्हणाली, "हसू नकोस गं! माझ्यापायी बाईंना बोलणी बसली."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच लवकर शाळेत गेली. बाई शेगडी पेटवत होत्या.

"बाई, मला वाचता येतं. मी डाग चाटला होता. तोंड उघडलं असतं तर जीभ दिसली असती."

"साहेबांना?"

"नाही. तुम्हाला."

बाईंच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. "साहेबांसमोर मी तुला वासरू म्हटलं असतं, असं वाटलं तुला?"

डोन्कानं हो म्हणून मान हलवली. बाकावर बसून बाईंनी ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. बदल्या दरसाल व्हायच्याच, असं आईनं परोपरीनं सांगितलं. डोन्काला पटलं नाही. सारी पोरं निरोपाला फाटकापर्यंत गेली, ती शाळेमागच्या झाडांत लपली. बाईंनी दोनदा हाक मारली. तिनं ओ दिली नाही.