वारलूचा डावा हात

"हाफिजभाऊ, हे ढोल नाई, भूत हाय!" वारलू म्हणाला आणि उजव्या हाताने आणखी एक थाप मारून पाहिली. लगेच शेजारच्या स्पीकरच्या डब्यातून डावी थापही वाजली. डाव्या बाजूला कोणी हातही लावला नव्हता.

कोरपन्यात हाफिजचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. पण त्याला खरा नाद आवाजाचा. पिंप, परात, पाइप, जे सापडेल ते बडवायचं आणि लॅपटॉपमध्ये घालून ताणायचं, उलटं करायचं. "गिऱ्हाईक पळते अन् हे डब्बे वाजवत बसते," असं त्याची बायको रहमतबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

वारलू जिवतीच्या डोंगरातल्या गुड्यावरचा, म्हणजे छोट्या पाड्यावरचा. चाळीस वर्षं लग्नात ढोल वाजवला, गेल्या साली लकवा झाला आणि डावा हात लुळा पडला. आता नात ललिताचं लग्न होतं. पोरं डीजे आणायला निघाली, तेव्हा म्हाताऱ्याने जेवणच सोडलं. हाफिजकडे त्याच्या ढोलाचं जुनं रेकॉर्डिंग होतं. त्यातली डावी थाप त्याने कापून काढली आणि प्रत्येक उजव्या थापेमागे ठरावीक वेळाने वाजेल अशी जोडणी केली.

लग्नात यंत्र अगदी घड्याळासारखं नेमकं वाजलं आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. पोरं फिदीफिदी हसली. वारलूने मान खाली घातली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," हाफिज पुटपुटला.

ते वारलूच्या बायकोने, बुधरीने ऐकलं. नाचात सगळ्यांत पुढे तीच असायची.

"कोनाले नाचता येत नाई? आमच्या इथी पाय ढोलाच्या मागं जात नाई, ढोल पायाच्या मागं येते. तुमच्या मशीनले माहे पाय दिसतेत का?"

हाफिजने कपाळावर हात मारला. चूक त्याचीच होती. त्याने एक फळी मागवली, खालून आवाज पकडणारी चकती चिकटवली आणि वायर लॅपटॉपला जोडली.

"बाई, आता यावर नाचा."

बुधरी आधी लाजली, मग तिने दणकन पाय मारला. धुम्म! तिच्या पायाबरोबर वारलूची जुनी डावी थाप वाजली.

वारलू पोट धरून हसला. "चाळीस साल हे म्हने, तू माह्या पायानं वाजवतं! आता खरंच झालं ना!"

मग सगळा गुडा नाचला, पोरंही. हाफिज तर इतका खूश झाला, की रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच विसरला.

नवरी ललिता नाचता नाचता आजोबाजवळ आली. मांडीवर पडलेला त्याचा लुळा हात तिने उचलला आणि ढोलाच्या डाव्या कातड्यावर ठेवला. वारलूने उजवी थाप दिली की ते कातडं थरथरायचं आणि हातही थोडा हलायचा.