स्पीकरवर आलेला फोन

रांजणगावच्या त्या कारखान्यात मोबाईलला बंदी होती. ती काही रविराजनं घातलेली नव्हती, पण गडी असा वागायचा की जणू त्याच्या वाडवडिलांनीच घातली. तो तीन नंबर लाईनचा सुपरवायझर. शिफ्टला आत जाताना फोन लॉकरात ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचा, असा कामगारांना नियम; सुपरवायझरना तेवढी फोन जवळ ठेवायची मुभा. कुणी चोरून आत आणला तर बाकीचे सुपरवायझर फोन काढून घ्यायचे, दोन शब्द सुनावायचे आणि सुटताना परत द्यायचे. रविराजला तेवढ्यानं कुठलं समाधान! त्यानं स्वतःची एक शिक्षा काढली होती. सापडलेला फोन टेबलावर ठेवायचा, आणि वाजला की सगळ्या लाईनसमोर स्पीकरवर घ्यायचा.

लोकांना काय, फुकटचा तमाशा. एकदा एकाच्या बायकोनं नवरा समजून रविराजचीच खरडपट्टी काढली, तर माणसं पोट धरून हसली. एकदा बिहारच्या एका कामगाराची आई रडत होती. तिचं बोलणं कुणाला धड कळलं नाही, तरीही माणसं हसली. तो कामगार पुढं काम सोडून गावी गेला. रविराजला त्याचं काही वाटलं नाही. उलट छाती काढून सांगायचा, "ड्युटी म्हंजी ड्युटी. मी माझ्या बापाचाबी फोन उचलत न्हाई."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. त्याचे वडील, कोंडिबा आबा, केंदूरला घरीच असायचे. बायको गेल्यापासून म्हातारा एकटा पडला होता. दिवसातून एखादा फोन लावायचा आणि रविराज तो कट करायचा. घरी गेल्यावर विचारायचा, "काय काम व्हतं?" आबा म्हणायचे, "काय न्हाई, असाच केल्ता." आता असाच केलेला फोन सुपरवायझर माणसानं उचलायचा असतो का? रविराजच्या हिशोबानं नाही.

त्या दिवशी पार्ट संपले म्हणून लाईन थांबली होती. माणसं आपापल्या जागी उभी राहून जांभया देत होती, आणि तेवढ्यात लिडियाच्या ॲप्रनमध्ये फोन थरथरला. लिडिया शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये राहणारी, कॉन्ट्रॅक्टवरची बाई. नवरा नाही, पदरात एक मुलगी. कामाला वाघीण, तोंडानं गरीब, आजवर तिच्याबद्दल एक तक्रार नव्हती. म्हणूनच रविराजला जास्त चेव आला.

"लिडियाबाई, तुम्हीसुद्धा? आणा हिकडं."

"सर, एवढा एक फोन बाहेर जाऊन घेऊ द्या. पाया पडते."

"काढा म्हनतो ना!"

तिनं फोन दिला. पडद्यावर नाव होतं 'आबा'. रविराजनं तो हात वर करून सगळ्यांना दाखवला. "बघा, आबा हायत! बोलू आबांशी!" लिडिया पुढं झाली, तिनं त्याचा हात धरायला हात उचलला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तसाच खाली घेतला. रविराजनं बटण दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याला.

"हालू... पोरी, मी बोलतोय."

पहिल्या शब्दालाच रविराजनं ओळखलं. हा आवाज तो जन्मापासून ऐकत होता.

"सून बचत गटाला गेली, म्हनून आत्ता लावला. बाई, तू धाडलेली ती लंगोटं संपली गं. राती पुन्हा अंथरूण भिजलं. चादर मी गोठ्यात नेऊन धुतली, पर वास काय जाईना. सून म्हनली, मांजर मुतलं असंल. मी म्हनलं, व्हय बाई, मांजरच."

लाईनवर असा हशा उसळला की विचारू नका. कोणी टेबलावर थापा मारल्या, कोणी मांजराचा आवाज काढला.

"आमच्या पोराला तेवढं कळू देऊ नगंस," आबा सांगतच होते. "त्यो मोठा मानूस झालाय, चार मानसांत उठतो बसतो. त्याला लाज वाटंल माझी."

आता एवढं ऐकून कुणीही फोन बंद केला असता. पण सगळी लाईन रविराजच्या तोंडाकडं बघत होती. तमाशाचा मालकच तो! मालक हसला नाही तर माणसं विचारणार, का हो सर, काय झालं? आणि रविराज हसला. मोठ्यानं हसला. वर म्हणाला, "कुणाचा म्हातारा हाय गं ह्यो?"

लिडियानं त्याच्याकडं पाहिलं. ती रागावली असती तरी त्याला चाललं असतं. "माझे चुलते आहेत, सर," ती म्हणाली. "दौंडला असतात."

फोनमधून आवाज आला, "कोन हसतंय गं पोरी?"

रविराजनं फोन कट केला.

इथंच मिटलं असतं, तर रविराजनं सवयीप्रमाणं सगळं पचवलं असतं. पण हशा ऐकून प्लांटचे मोठे साहेब आले. त्यांच्या मागोमाग लिडियाचा कॉन्ट्रॅक्टर पोपटराव, हात बांधून. आठवड्यापूर्वीच फोनपायी एकाचा हात मशिनीत जाता जाता वाचला होता, साहेब आधीच तापलेले. फोन कुणाचा, विचारलं. लिडियानं मान खाली घातली.

"घरी कोणी आजारी आहे का? काही अडचण?" साहेबांनी तिला विचारलं. ती बोलेना. मग रविराजला विचारलं, "तुम्हाला काही माहिती आहे? कारण खरं असेल तर मी समज देऊन सोडतो."

बघा, देवानं संधी किती सोपी करून हातात दिली होती. दोन शब्द. माझे वडील. तेवढे म्हटले असते तर बाईची रोजीरोटी वाचत होती. 

"न्हाई सर," तो म्हणाला. "मला काय माहिती न्हाई."

साहेबांनी पोपटरावांकडं नुसतं पाहिलं. पोपटराव म्हणाले, "उद्यापासनं हिचं गेट बंद, सर." कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला नोटीस नाही आणि काही नाही. गेट बंद म्हणजे गेट बंद.

लॉकरपाशी लिडिया डबा पिशवीत भरत होती, तिथं रविराज तिला गाठायला गेला. काय बोलायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"तुमची आन् आबांची वळख कशी झाली?" एवढंच निघालं तोंडातून.

"कोरेगाव भीमापाशी कंपनीची बस बंद पडली होती, आठवतं? तुमच्या फोनची बॅटरी उतरली होती म्हणून माझ्या फोनवरून घरी, आबांच्या फोनवर बोललात. दुसऱ्या दिवशी आबांनी त्याच नंबरवर फोन केला. त्यांना वाटलं तुम्हीच उचलाल." ती पिशवीची गाठ मारत होती. "मग करायला लागले. मी तुम्हाला सांगणार होते, पण त्यांनी माझ्या मुलीची शपथ घातली. सामान मी केंदूरच्या हनुमंताच्या पिकअपमधून पाठवायचे. कपडे आहेत म्हणून सांगायचे."

"मग साहेबाला का न्हाई सांगितलंस?"

"मी काय सांगणार, सर? वडील तुमचे आहेत."

तिनं बॅज त्याच्या हातात दिला आणि गेली. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. रविराजला त्या दिवशी जनाची एवढी वाटली की मनाच्या लाजेला जागाच उरली नव्हती. ती आता हळूहळू यायला लागली. शिफ्ट सुटेपर्यंत माणसं त्याला बघून मांजराचा आवाज काढत होती. कौतुकानं, बरं का! काय धमाल केलीत सर, म्हणून. प्रत्येक आवाजाला त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, आणि तरी तो ओठ ताणून हसत होता.

घरी जाताना शिक्रापूरला त्यानं मेडिकलपुढं गाडी लावली. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाहेरच घुटमळला. मग आत जाऊन हळूच म्हणाला, "मोठ्या माणसाचे डायपर पाहिजेत."

"कुणासाठी?"

"वडलांसाठी." हा शब्द दिवसात पहिल्यांदा तोंडातून निघाला, तोही परक्या दुकानदारापुढं.

"कंबर किती त्यांची? मिडियम देऊ का लार्ज?"

 आबांची कंबर किती? आबा आता वाळलेत का तसेच आहेत? रोज एका पंगतीला बसणारा माणूस, पण शेवटचं नीट कधी पाहिलं ते त्याला सांगता येईना. दुकानदारानं वाट पाहून एक पुडकं काढलं आणि काळ्या पिशवीत घालून दिलं.

आबा ओसरीला बसले होते. रविराजची बायको, सुलक्षणा, आत भाकरी थापत होती. रविराजनं इकडंतिकडं बघितलं आणि पिशवी आबांच्या गोधडीखाली सरकवली. आबांनी हात घालून चाचपलं. म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"तुला कुनी सांगितलं?"

रविराज बुटाची नाडी सोडायला वाकला.

"त्या पोरीनं सांगितलं ना?" आबांचा आवाज चढला. "लेकीची शपथ घातली व्हती तिला! तिच्यावर इस्वास टाकला मी. पोटच्या पोरीसारखी मानली, आन् तिनं माझी लाज वेशीला टांगली. मानसाची जात अशीच. तरीच दुपारपास्नं फोन बंद करून बसली व्हय!"

रविराज गप्प बसला असता तरी चाललं असतं. साहेबांपुढं खपलं, लाईनवर खपलं, इथंही खपलं असतं. लिडिया काही केंदूरला येऊन खुलासा करणार नव्हती. आतून सुलक्षणानं भाकरी झाल्याची हाक दिली. तो उठलासुद्धा. पण ज्या बाईनं त्याच्यापायी काम घालवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही, तिला त्याचा बाप शिव्या घालत होता. ते काही त्याला गिळवेना. तो परत खाली बसला.

"आबा, तिनं न्हाई सांगितलं. फोन मी उचलला व्हता. सगळ्यांपुढं, स्पीकरवर. तिचं काम गेलं त्याच्यात."

आबांना समजायला वेळ लागला. "सगळ्यांनी ऐकलं?"

"व्हय."

"तीच हसत व्हती मानसं?"

"व्हय."

आबांनी गोधडीचं टोक मुठीत धरलं. "आन् तू रं?"

रविराजला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. पण म्हातारा त्याच्याकडं डोळे लावून बसला होता.

"मीबी हसलो, आबा. आन् साहेबानं इचारलं, तवा मी वळख दिली न्हाई."

 आतून भांड्यांचा आवाज येत होता. आबांनी ती पिशवी गोधडीखालून काढली आणि उघड्यावर, मांडीशेजारी ठेवली.

"सकाळी मला गाडीवर घे," ते म्हणाले. "गेटापाशी सोड. तुझ्या सायबाला मी सांगतो, फोन माझा व्हता, भिजलं ते माझं व्हतं, त्या पोरीला कामावर घ्या म्हनून."

"आबा, मी सांगतो की. तुम्ही कशाला एवढ्या लोकांत..."

"नगं," आबा म्हणाले. रागानं नव्हे, समजूत काढावी तसं म्हणाले. "तुला रोज त्या मानसांत वावरायचं हाय. तुला लाज वाटंल. मी सांगतो."

बापानं फाडकन मुस्काटात मारली असती तर रविराजला बरं वाटलं असतं. तो तसाच बसून राहिला. आत ताट वाढलेलं होतं, सुलक्षणा पुन्हा हाक मारत होती, आणि त्याला मान वर करता येत नव्हती.