एका हाकेला तीन आण्णा

ज्योत्स्ना बेळगावात नोकरी करते आणि एका फाइलच्या जोरावर ढीगभर संगणक चालू करते, याचा निपाणीतल्या गल्लीत जरा जास्तच बोभाटा झाला होता. म्हणून गल्लीतल्या नव्या अभ्यासिकेचे आठ जुने संगणक तिच्याच गळ्यात पडले. पेनड्राइव्हवर लिनक्स, सोबत ते बसवताना मशीन जे जे विचारतं त्याची सगळी उत्तरं आधीच लिहिलेली फाइल.

"आत्ती, ह्यो लावला की मशीन कायबी इचारत न्हाय. आपलं आपणच बसतंय सगळं," ती ऐटीत म्हणाली.

तिची आत्ती बायडाबाई विड्यांचं सूप बाजूला सारून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. अभ्यासिकेचं उद्घाटन म्हणजे तिच्या लेखी एकच: दुबईतला लेक सुगत मोठ्या पडद्यावर दिसणार. एरवी तो तिला फुटक्या काचेच्या मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनीच दिसायचा. आज त्याला जेवणाच्या सुट्टीपुरताच वेळ होता.

आठही मशीनवर सगळं बसलं. पहिला संगणक झकास चालला. दुसरा चालू केला, तर दोघांचंही इंटरनेट गेलं. तिसऱ्याने तर तोंडच फिरवलं. ज्योत्स्नाने केबली उपटल्या, खोचल्या, शेवटी राउटरला चापट मारली. इंजिनीअर बाई चापटीवर आली म्हणजे अवघडच होतं.

"सुट्टी सपंल गं त्येची," आत्तीचा आवाज ओला झाला. जमलेली माणसं ताटकळलेली बघून ती दारातून ओरडली, "आण्णा, च्या आण रं!"

गल्लीतले तिन्ही चहावाले आण्णाच; तिघेही आपापली किटली घेऊन एकदम दारात घुसले, एकमेकांवर आदळले, आणि चहा सगळा उंबऱ्यावर. कुणालाच घोटभर मिळाला नाही.

ज्योत्स्नाने कपाळावर हात मारला. "आत्ती, घावलं! आठी मशीनला म्या नेटवरचा एकच पत्ता दिलाय!"

ऑफिसातल्या एका मशीनसाठी लिहिलेली फाइल तिने तशीच उचलली होती. चूकही आपली आपणच आठ वेळा बसली होती. तिने प्रत्येक मशीनवरचा तो पत्ता खोडला आणि पत्ते वाटायचं काम राउटरवर सोपवलं. आठही संगणक शहाण्यासारखे चालू लागले.

पडद्यावर हेल्मेट घातलेला सुगत उगवला, अख्खा. बायडाबाई पडद्याला चिकटून उभी राहिली. या थोरल्या लेकाला ती लहानपणापासून ज्या नावाने हाक मारायची, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"आण्णा..."

"ओ आक्का!" मागून तिघंही एका सुरात ओरडले.

बायडाबाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुमी गप्प बसा रं," पडद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ह्यो माझा हाय."