उजवा खांदा

धाकटी मुलगी हारुए लग्न करून ओसाकाला गेली, त्याच वर्षी ओकिनावात रस्त्याच्या उजव्या बाजूने धावणाऱ्या मोटारी एका रात्रीत डावीकडे आल्या, आणि त्याच वर्षी उतो तामाकी कराटेच्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. पहिल्या गोष्टीची चर्चा नात्यागोत्यात झाली, दुसरीची सगळ्या बेटावर. तिसरीची फक्त गल्लीत झाली, पण जोरात झाली, कारण नापास करणारा तिचा नवराच होता.

चोकेई तामाकींची तालीम घराच्या पुढच्या सोप्यातच होती. लग्न होऊन आल्यापासून उतो ती लाकडी जमीन पुसत होती. पुसता पुसता पाहत होती. पोरी मोठ्या झाल्या, घरात हाताला काम उरलं नाही, तेव्हा एका संध्याकाळी ती फडकं ठेवून पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. चोकेईंनी तिला रांगेत राहू दिलं. घरात "अगं" म्हणणारा माणूस तालमीत तिला "तामाकी" म्हणून हाक मारू लागला, एवढाच काय तो फरक. पांढऱ्या पट्ट्यापासून तपकिरीपर्यंत ती हळूहळू चढली. काळ्यापाशी मात्र अडली.

पहिल्यांदा नापास झाली ती श्वास तुटला म्हणून. ते तिला पटलं होतं. दुसऱ्यांदा का नापास झाली ते तिला कुणी सांगितलं नाही.

सांचिन नावाचा एक प्रकार आहे. त्यात परीक्षा देणाऱ्याने अंग आवळून, श्वास पोटात धरून सावकाश चालायचं. गुरू मागून येतो आणि दोन्ही तळहात एकदम खांद्यांवर मारतो. अंग हललं नाही, श्वास मोडला नाही, तर खरं. आधीच्या हिवाळ्यात चोकेईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात अर्धाच परत आला. काड्यांनी भात खाताना सांडायचा, शर्टाची बटणं उतो लावायची. तरी परीक्षेला ते दोन्ही हातांनीच मारत.

उन्हाळ्यातल्या त्या परीक्षेत पहिला तडाखा बसला आणि उतोला मागे न बघता तो हात ओळखू आला. थरथरता, हलका. दुसऱ्या तडाख्याला तिच्या अंगाने तिला न विचारताच काहीतरी केलं. बाजूला बसलेल्या आराकाकीला ते दिसलं नाही. तो तालमीतला सगळ्यात जुना विद्यार्थी, शहरातली बस चालवायचा. त्याने काकू पास म्हणून सांगून टाकलं. चोकेई म्हणाले, नापास.

आराकाकीने मध्ये पडून पाहिलं. काकूंचं वय बघा म्हणाला, मेहनत बघा म्हणाला. शेवटी म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला रोज हिच्याच हातचं जेवायचंय. जरा विचार करा."

"जेवण ती देते," चोकेई म्हणाले. "पट्टा मी देतो."

परीक्षेनंतर सगळ्यांना जेवायला घालायची त्या तालमीची रीत होती, आणि वाढायचं काम उतोचंच. तिने पास झालेल्यांना वाढलं, नवऱ्याला वाढलं. त्या दिवशीचं कारलं फार कडू झालंय असं जो तो म्हणाला. ती म्हणाली, कारलंच आहे ते.

पुढे बरेच दिवस दोघं कामापुरतं बोलत. मग एका दुपारी ती पायरीवर बसून त्यांच्या हाताला तेल चोळत असताना तिने विचारलंच.

"माझं काय चुकलं, ते तरी सांगा."

"तू फसवलंस मला."

"मी?"

"डावा खांदा दगड होता. उजवा टोफू. माझा हात पडायच्या आत खाली सोडलास."

उतोला खोटं बोलता आलं नाही. तिने त्यांचा हात वर धरून त्यांनाच दाखवला. "बघा तरी अहो. वाळल्या मुळ्यासारखा झालाय. डॉक्टर म्हणालेत मनगटाला जपा. त्यावर मी दगड होऊन उभी राहू?"

आराकाकी सायकलवरून अंगणात आला आणि दोघांना बघून परत वळून गेला.

"सगळेच करतात," चोकेई म्हणाले. "पोरं करतात. आराकाकीसुद्धा करतो, त्याला वाटतं मला कळत नाही. मारलं की समोर गादी. मला हात आहे की नाही, तेच कळेनासं झालंय. म्हटलं, तू तरी करणार नाहीस."

पुढची परीक्षा आपली शेवटची, मग तालीम आराकाकीकडे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. उतो तेल चोळत राहिली. पट्टा हवा तर तो हात दुखवायचा, आणि हात जपायचा तर ते जन्मभर तिला फसवी म्हणणार. म्हणणारसुद्धा नाहीत, नुसते गप्प बसतील, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

डिसेंबरात उसाला तुरे आले तेव्हा परीक्षा झाली. उतो पाय रोवून उभी राहिली. मागून पावलं आली, एक नीट, एक ओढत. तडाखा बसला. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला. मागे चोकेईंच्या तोंडातून अगदी बारीक आवाज निघाला, तो फक्त तिलाच ऐकू गेला. तिला वळावंसं वाटलं. तिने श्वास तसाच पोटात धरला आणि पुढचं पाऊल टाकलं. दुसरा तडाखा पहिल्यापेक्षा जोराचा होता. तो मारणाऱ्या हाताला किती लागलं असेल ते तिला खांद्यात कळलं, आणि खांदा हलला नाही.

चोकेई पुढे आले. हात लाल झाला होता. चेहरा मात्र मुलीच्या लग्नातसुद्धा नव्हता इतका खूश.

"तामाकी पास," म्हणाले, आणि मग सगळ्यांदेखत, तालमीत कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "अगं, काहीतरी गार आण बांधायला."

पास झालेल्याच्या नावाची लाकडी पाटी गुरूने स्वतः कुंचल्याने लिहून भिंतीवर टांगायची, अशी पद्धत. हात सुजून टम्म झाला होता. थांबा म्हटलं तर ऐकेनात. डाव्या हाताने लिहिली. अक्षरं शाळेत पहिल्यांदा बसलेल्या पोराची असावीत तशी, आणि सगळी एकाच बाजूला कललेली. आराकाकी म्हणाला, "गाड्यांसारखीच काकूंची पाटीपण डावीकडे गेली." चोकेई इतके हसले की उतोला त्यांची पाठ चोळावी लागली. रात्री तिने त्यांच्या हातावरचं ओलं फडकं बदलून दिलं. फार दुखतंय का, विचारलं. ते म्हणाले, दुखतंय, आणि तो हात तिच्या हातात तसाच राहू दिला.

ती पाटी अजून त्या भिंतीवर आहे. चोकेई तामाकी पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, ऊसतोड चालू असताना, घरीच वारले.