अर्धा इंच

तो आकडा जिमच्या वहीत लिहायचाच नाही, असं मास्तरच्या मनात एकदा येऊन गेलं होतं. पेन हातात होतं, पान उघडं होतं, आणि समोर ताई डावी बाही वर करून उभ्या होत्या. टेप अजून दंडाभोवतीच होती.

"किती?"

"तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती, मास्तर? आमच्या दुकानात तेवढंच असा नंबर नसतो."

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत आल्या होत्या. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तरी माणसाचं डोकं दुखतं, हे त्या कुणालाही सांगायच्या.

"साडेअकरा," तो म्हणाला. आणि त्याने ते लिहिलं.

लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण ती वही ही एकच गोष्ट अशी होती, जिच्यात त्याने कधी थाप मारली नव्हती. घरी फोनवर तो रोज मारायचा. जेवलो, झोपलो, मित्र आहेत. वहीत नाही.

मागच्या दोन्ही महिन्यांत तिथे अकरा होतं. ताईंनी वाकून तिन्ही आकडे वाचले, बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं.

"अर्धा इंच," त्या म्हणाल्या. "एका महिन्यात."

"ताई, त्याने काही होत नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, फुगणार नाही."

तो म्हणालाच होता. पहिल्याच दिवशी. दुपारी दोनला, दुकान जेवणासाठी बंद असताना, ताई जिममध्ये आल्या तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. पंखा आणि तो. दोन ते तीन ही वेळ कुणालाच नको असते. तो तेव्हा फरशी पुसायचा, नाहीतर फोनवर व्यायामाचे व्हिडिओ बघत बसायचा. सगळं तो तसंच शिकला होता, बघून बघून. मागच्या खोलीत राहायचा. वय सव्वीस, पण सगळे मास्तर म्हणायचे, आणि नाव काय हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

"मला अठ्ठेचाळीस किलो उचलायचंय," ताई म्हणाल्या होत्या. "आणि दंड असे दिसायला नकोत." भिंतीवरच्या पोस्टरमधल्या बाप्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

अठ्ठेचाळीस किलो म्हणजे त्यांची आई. झटक्यानंतर डावी बाजू गेलेली. खाटेवरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची, संध्याकाळी परत खाटेवर. शेजारच्या वहिनी हात लावायच्या म्हणून जमत होतं. त्या घर बदलून गेल्या. दिवसभर आईजवळ बसायला एक मावशी यायच्या, पण त्यांचेच गुडघे त्यांना उचलत नव्हते. मग आई खाटेवरच. डॉक्टर म्हणाले, रोज बसवलं नाही तर पाठ सडेल. आणि परगावचा भाऊ म्हणाला, तीन-चार महिने बघू, तुला झेपलं तर ठीक, नाहीतर संस्थेत ठेवू.

"ताई, माझ्याकडे बघा," मास्तर म्हणाला होता. "सहा वर्षं झाली. रोज दीड तास. सकाळी सहा अंडी. माझा दंड तेरा इंच आहे. मी जिवाचं रान करूनही फुगलो नाही, आणि तुम्ही काय चुकून फुगाल?"

ताई हसल्या नाहीत. "मला लहानपणी घरात पैलवान म्हणायचे," त्या म्हणाल्या. "खांदे रुंद म्हणून. लग्नाचं एक स्थळ जुळत आलं होतं, त्यांनी निरोप पाठवला, बांधा पुरुषी आहे. तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचंच घालते. तुम्हाला गंमत वाटेल."

त्याला गंमत वाटली नाही. तो लहानपणी काडी होता, आणि काडी म्हणणारेही घरचेच होते.

लोखंडी बार धरून माणूस उचलायला शिकता येत नाही, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. बारला पकड असते. माणूस हातातून सांडतो. म्हणून त्याने खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकांकडून जाड कापडाचं एक पोतं शिवून घेतलं, लांबट, माणसासारखं. त्यात वाळू भरली. ताईंनी त्यावर आईची जुनी चादर गुंडाळली. वीस किलोपासून सुरुवात. दर आठवड्याला थोडी वाळू वाढायची. त्या पोत्याला ताई धाकटी म्हणायच्या.

"आज धाकटीने जास्त खाल्लेलं दिसतंय."

"दोनच किलो, ताई."

"सगळ्याच असं म्हणतात."

तो त्यांच्या मागे उभा राहायचा, दोन्ही हात पुढे, तळवे उघडे, पण न लावता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, "हात लावलात तर ते माझं धरू नका." धाकटी बाकावरून उचलायची, छातीशी घ्यायची, वळायचं, खुर्चीत ठेवायची. आपटायची नाही. आपटली की ताई तिला सॉरी म्हणायच्या. त्या तासाभरात ते काय काय बोलायचे. दुकानातलं गिऱ्हाईक, आईचा रुसवा, त्याच्या खोलीतलं गळका नळ. मास्तरच्या ध्यानात आलं होतं, दिवसभरात तो खरं एवढंच बोलतो.

धाकटी चाळीसवर आली, आणि जुनी टेप फाटली. त्याने नवी आणली. आणि साडेअकरा.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. मेसेज आला, 'काही दिवस जमणार नाही.' त्याने लिहिलं, 'बरं ताई.' मग खोडलं, मग परत तेच लिहून पाठवलं.

दोन ते तीन परत रिकामी झाली. तो फरशी पुसायचा. पोरं संध्याकाळी धाकटीला लाथ घालायला लागली, तेव्हा त्याने तिला उचलून आरशामागच्या कोपऱ्यात ठेवलं. एकदा चष्म्याच्या दुकानापर्यंत जाऊन आला. काचेतून ताई दिसल्या, कुणाला तरी अक्षरं वाचायला लावत होत्या. मनगटापर्यंत बाह्या. काय बोलणार? आकडा तर आपणच लिहिला. तो तसाच परतला.

आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरंही एक सुख लाभलं होतं. नव्या टेपने त्याचाही दंड साडेतेरा भरला होता. सहा वर्षांत जे झालं नाही ते एका महिन्यात. त्याने आरशासमोर तीनदा मोजलं. घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं हो, जेवतोस म्हणजे." त्या आनंदात त्याला एवढा साधा प्रश्न पडला नाही, की दोघांचं एकाच महिन्यात, अगदी सारखंच कसं वाढलं.

तो प्रश्न ताई यायच्या थांबल्यावर पाचव्या आठवड्यात टेलरकाकांनी सोडवला. बाकाचं रेक्झिन उसवलं होतं, ते घेऊन मास्तर खाली गेला. काका तोंडात टाचण्या धरून एका कोटाची बाही लावत होते.

"काय रे, दंड वाढला म्हणे तुझा. सगळ्या जिन्याला ऐकू आलं."

"साडेतेरा, काका."

"बघू." काकांनी गळ्यातली टेप काढून मोजलं. "साडेतेरा आहे खरा. आधी किती होता?"

"तेरा. तुमच्याच टेपने. ती तुम्ही मला दिलेली."

काकांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि उशीत टोचल्या. "अरे, ती मी फेकायला काढली होती. कापडी टेप वापरून वापरून ताणते. मी सहा महिन्यांनी बदलतो. तुला म्हटलं, पोरांची छाती मोजायला चालेल, थोडी कमी दाखवेल, पोरं जास्त घाम गाळतील." ते हसले. "तुझा दंड वाढला नाही, गाढवा. तुझी टेप आखडली."

मास्तर हसला नाही. तो रेक्झिन तिथेच टाकून वर पळाला. जुनी टेप कचऱ्यात गेली नव्हती, धाकटीचं तोंड तिनेच बांधलं होतं. त्याने ती सोडली, तुटलेली टोकं जुळवली, नव्या टेपशेजारी फरशीवर पसरली. साठ इंचावर जुनी अडीच इंच पुढे गेली होती.

रविवारी दुपारी तो ताईंच्या घरी गेला. दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचा एकच जोड. ताईंनी दार उघडलं, आणि त्याला बघून बाह्या खाली ओढल्या. भांडी घासत असाव्यात, हात कोपरापर्यंत ओले होते.

"या, मास्तर."

आत खिडकीजवळ खुर्ची होती. तिच्यासमोर खाट होती. खाटेवरची चादर चारी कोपऱ्यांना घट्ट खोचलेली होती, सुरकुती नव्हती. त्यावरून त्याला कळलं.

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या आठवड्यात. दादा आला, संस्थेत घेऊन गेला." ताई स्टुलावर बसल्या. "मी ठरवलं होतं, तुमच्याशिवाय जमवायचं. घरीच पाण्याचे डबे उचलत होते. मग एक दिवस तिला उचललं. अर्ध्यात हात सुटले. पडलो नाही तशा. हळूहळू खाली बसत गेलो दोघी. मग उठताच येईना. मावशी येईपर्यंत तास-दीड तास तिथंच बसून होतो, मी आणि आई. ती म्हणाली, छान वाटतंय गं, जमिनीवर बसून कित्येक वर्षं झाली. मावशींनी दादाला फोन केला. त्याचं तरी काय चुकलं."

मास्तरने पिशवीतून दोन्ही टेपा काढल्या. बोलायचं सगळं त्याने वाटेत जुळवलं होतं, पण आता एकच वाक्य आठवलं.

"माझी टेप चुकली होती, ताई."

त्याने सगळं सांगितलं. ताई उठल्या, दोन्ही टेपा आईच्या खाटेवर पसरल्या, शून्यावर नख ठेवून नीट जुळवल्या आणि दुसऱ्या टोकाला जाऊन वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"अडीच," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे मी पहिल्या दिवसापासून साडेअकराच होते."

"हो. काही वाढलं नव्हतं. नुसती ताकद वाढली होती."

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, पुढे घे, पुढे घे असा आवाज येत होता.

"नंबर चुकीचा लागला की गिऱ्हाईक आमच्याशी भांडायला येतं," त्या म्हणाल्या. "मी आलेच नाही. मला लगेच पटलं. चाळीस वर्षं त्याचीच वाट बघत असल्यासारखं."

"मी तरी यायचं ना ताई, दुकानात. आलो होतो. काचेतून बघून परत गेलो."

"बघितलं मी तुम्हाला."

ताईंनी टेपा गुंडाळल्या. जुनी वेगळी, नवी वेगळी.

"महिन्यातून दोनदा घरी आणता येतं तिला," त्या म्हणाल्या. "त्यांची माणसं फाटकापर्यंत. पुढे गाडीत, गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, ते आपलं आपण. दादा म्हणतो, कशाला एवढी दगदग. थोडे महिने थांब, तिथलं खाणं तिला जात नाही, आपोआप हलकी होईल." त्यांनी खाटेची आधीच घट्ट असलेली चादर पुन्हा खोचली. "मला ती हलकी होईपर्यंत थांबायचं नाहीये, मास्तर."

"नाही."

"धाकटी आहे अजून?"

"कोपऱ्यात आहे. चाळीसचीच."

"किती आठवडे लागतील?"

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी त्याला सांगता आलं असतं. "सात. कदाचित आठ. मधे खंड पडलाय."

"उद्या दोनला येते." ताईंनी अजून ओलसर असलेले हात पुसायला घेतले, आणि पुसता पुसता बाह्या पार खांद्यापर्यंत वर केल्या. दंड जसे होते तसेच होते, रुंद, साधे. त्यांनी त्या परत खाली ओढल्या नाहीत. "एक विचारू? मास्तर म्हणून नाही. मला मित्र म्हणावं असं दुसरं कुणी नाहीये, म्हणून विचारते. आईला आणायच्या दिवशी तुम्ही याल?"

"येईन."

"आणि घाई करून हात लावणार नाही."

त्याने खुर्चीपासून खाटेपर्यंतचं अंतर बघितलं. तीन पावलं, आणि एक वळण.

"नाही लावणार," तो म्हणाला. "मागे उभा राहीन. तुम्ही म्हणाल तेव्हाच. काहीच म्हणाला नाहीत, तर तसाच उभा राहीन."