चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

शनिवारी सकाळी भूमिका ब्लाउजच्या ट्रायलला आली तेव्हा देवश्रीच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून भूमिका एकटीच बोलत होती. मुलगी पुण्याची; नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि राहायला बनशंकरीत. तिच्या डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा नवा चष्मा होता. फ्रेमच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरा दिवा लागलेला देवश्रीला दिसला, पण आरशातल्या ट्यूबलाइटची तिरीप असेल असं तिला वाटलं.

"मुंढ्यात जरा ओढतंय ना, ताई?"

देवश्रीनं मान हलवली आणि बाहीची शिवण उसवली.

मंगळवारी भूमिका ब्लाउज न्यायला आली ती हसतच. "ताई, तुम्ही फेमस झालात," असं म्हणून तिनं फोन पुढे धरला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. आरशात भूमिका, तिच्या खांद्याशी वाकलेली देवश्री आणि मागच्या भिंतीवर दुकानाचं नाव, त्याखाली फोन नंबर. देवश्रीचा चेहरा तर इतका स्वच्छ आला होता की कपाळावरचा जुना व्रणही दिसत होता.

"कधी काढलास हा?"

"चष्म्यात कॅमेरा आहे ना. फोन हातात घ्यायलाच नको. आणि कमेंट्स बघा किती आल्यात. एकानं तर लिहिलंय, 'ही आमच्या अजितभाऊंची मिसेस वाटते, नागपूरची.' तुमच्या ओळखीचे आहेत का?"

देवश्रीच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

"काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

भूमिकानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता व्हिडिओ पुसला. पण चोवीस हजार लोकांनी तो आधीच पाहिला होता.

दीड वर्षापूर्वी देवश्री नागपूरहून निघाली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. तिच्या नवऱ्यानं, अजितनं, कधी आवाज चढवला नव्हता. मे महिन्यात त्यानं तिला दुपारभर गच्चीवर कोंडून ठेवलं, तेव्हासुद्धा दाराच्या आतून तो शांतपणे म्हणाला होता, "देवू, तू नीट विचार कर, मग मी उघडतो." ती पडली, कपाळ फुटलं, तर दवाखान्यात टाके पडेपर्यंत तिचा हात हातात घेऊन बसला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. तिच्या माहेरचेही तेच म्हणायचे. म्हणूनच ती गेली तेव्हा तिनं माहेरीसुद्धा पत्ता कळवला नाही.

इथे तिला आसरा मिळाला तो मालनबाईंच्या घरी. मालनबाईंचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं; त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. मुलगा नागोजी व्हाइटफील्डला कंपनीची कॅब चालवायचा, दिवसभर म्हातारी घरात एकटी. मराठी बोलणारी भाडेकरीण मिळाली म्हणून तिला कोण आनंद झाला होता. नवऱ्याबद्दल विचारल्यावर देवश्रीनं सांगून टाकलं होतं की तो दुबईला असतो.

बुधवारी दुकानाचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा पलीकडून कुणी बोललं नाही. देवश्री दिवसभर रस्त्याकडे तोंड करून मशीनवर बसली. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक उंच माणूस तिला अजित वाटत होता. पळून जावं असं मनात येई. पण कुठे जायचं? आणि तिथेही कुणाच्या डोळ्यांवर कोणता चष्मा असेल, कुणी सांगावं?

गुरुवारी अस्तर आणि हुकं आणायला ती चिकपेटला गेली. दुपारी तीनला परत आली तेव्हा दुकानाची मालकीण रम्या हिशोबाची वही बाजूला ठेवत आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुझ्या भावाचा फोन आला होता. तू इथेच काम करतेस ना, विचारत होता. गावात आलोय, अचानक भेटून तिला खूश करायचंय म्हणाला. किती गोड बोलतो. मी घरचा पत्ता दिला."

देवश्रीला भाऊ नव्हता.

"कधी आला फोन?"

"बारा वाजता असेल."

तीन तास झाले होते. देवश्री दाराबाहेर आली. समोरच्या थांब्यावर बस उभी होती, दार उघडं होतं, पर्स खांद्याला होती. ती बसच्या दिशेनं चार पावलं चाललीसुद्धा. मग तिला मालनबाई आठवल्या. गुडघ्यानं अधू बाई, घरात एकटी, आणि दार वाजलं की पलीकडे कोण आहे हे न विचारता उघडणारी.

ती उलटी फिरली. चालता चालता तिनं ११२ ला फोन लावला आणि येत होतं तेवढ्या कानडीत पत्ता सांगितला. शब्द सापडेनात तेव्हा हिंदीत म्हणाली, "आमच्या घरात माणूस शिरलाय. लवकर या."

दाराबाहेर बूट होते. टाचा भिंतीला लावून, नाड्या आत खोचून ठेवलेले. अजित बूट असेच ठेवायचा. आतून तोच मऊ आवाज येत होता.

"अहो, चहात साखर नको मला. देवूनं सांगितलं नाही का?"

ती आत गेली. अजित खुर्चीत बसला होता, समोर पेढ्यांचा पुडा. मालनबाई पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अजित उठला नाही, नुसता हसला.

"आलीस? बघा आई, किती वाळलीय. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या, औषधं चालू होती. अशीच घरातून निघून गेली. मी चारी दिशांना शोधलं."

मालनबाईंनी देवश्रीकडे पाहिलं. "नवरा दुबईला आहे म्हणालीस ना गं तू? वर्षभर त्याच्या नावानं बनशंकरीदेवीला दिवा लावते मी."

अजित आता उठला, सावकाश जवळ आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. बघणाऱ्याला वाटावं, प्रेमानं धरलंय. फक्त त्याचा अंगठा हाडावर रुतत होता.

"सामान घे. सहाची गाडी आहे."

तिचे पाय खरंच खोलीकडे वळले. दीड वर्ष जणू झालंच नव्हतं.

"थांब स्वल्प," मालनबाई म्हणाल्या. "तिला विचारू दे मला. अगं देवश्री, तुला जायचंय का याच्याबरोबर?"

"तिला काय विचारता, आई, तिला समज असती तर..."

"तुला नाही विचारलं मी."

देवश्रीनं म्हातारीकडे पाहिलं. तिला हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता, ना माहेरी आईनं, ना डॉक्टरीणबाईंनी.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिनं पुन्हा म्हटलं, "नाही जायचं. यानं मला मारून टाकलं असतं, अक्का."

"सरी, झालं मग," मालनबाई म्हणाल्या. "हात सोड रे तिचा."

अजितनं सोडला नाही. मालनबाई भिंतीला धरून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कानडीत शेजारच्यांना एकेका नावानं हाका मारू लागल्या. अजितच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण पकड ढिली झाली. तिच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "आता पत्ता माहीत आहे मला."

पोलीस आले तेव्हा दारात सात-आठ माणसं जमली होती. अजित त्यांच्याशीही हात जोडून, गोडच बोलला. महिला पोलिसानं मात्र त्याचं ऐकून घेऊन देवश्रीला वेगळ्या खोलीत नेलं आणि आधी तिच्या मनगटावरचे लाल वळ पाहिले. रीतसर तक्रार झाली. अजितकडून लिहून घेऊन त्याला सोडलं. पुढे महिनाभरात कोर्टानं त्याला तिच्या आसपास फिरकायची मनाई केली. वकीलबाई म्हणाल्या, कागद आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

त्याच आठवड्यात शनिवारी भूमिका घरी आली. खूप रडली. तिनं पुसलेला व्हिडिओ आणखी तीन ठिकाणी कुणी कुणी टाकलेला तिनं शोधून काढला होता. दोघांनी काढला, तिसरा उत्तरच देत नव्हता. देवश्री तिच्यावर रागावली नाही. रागावायला जे बळ लागतं ते तेव्हा तिच्यात नव्हतं.

मालनबाई दोन दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या, "खरं सांगितलं असतंस तर दार उघडलं असतं का मी त्याला?" आणि मग, "नागोजी उद्या साखळी बसवतोय दाराला. किल्ली तुझ्याकडे एक राहू दे."

सोमवारी ती दुकानात गेली. पहिलंच गिऱ्हाईक चष्मा लावलेलं होतं, साधी शाळामास्तरीण.

"चष्मा काढून ठेवता का?" देवश्रीनं विचारलं.

"अहो, नंबरचा आहे. काढला तर मला आरसासुद्धा दिसायचा नाही."

देवश्रीनं फ्रेमचे दोन्ही कोपरे जवळून पाहिले. काही नव्हतं. तरी माप घेताना ती त्या बाईच्या पाठीमागेच उभी राहिली, आणि छातीचं माप तिला तीनदा घ्यावं लागलं.